घरगुती आरोग्यचर्चा : मान जोडावी कीं हलती ठेवावी?

गेल्या श्रावणांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरून निरोप आला कीं, "एकदां येऊन जा, घरांत मोठा वाद माजला आहे, आणि तो कोणाच्यानें मिटत नाहीं." घर मोठें. दोघे भाऊ, त्यांचीं बायकामुलें, माहेरीं राहिलेल्या आत्याबाई, आणि सर्वांच्या वर ७१ वर्षांचे अण्णा. अण्णांनीं उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविला. अशा घरांत वाद म्हणजे तो वाटणीचा तरी असावयाचा, नाहीं तर लग्नाचा. म्हणून आम्ही थोडे बिचकतच पायऱ्या चढलों. पाहतों तों वादाचा विषय निघाला धाकट्या सूनबाईंची मान!

सूनबाईंचें वय ४३. त्या एका शाळेंत गणित शिकवितात. महिन्यापूर्वीं त्यांच्या उजव्या खांद्यांतून एक कळ निघून दंडावरून खालीं अंगठ्यापर्यंत जाऊं लागली. अंगठ्याला मुंग्या आल्या. रात्रीं कुशीवर निजतां येईना. हात उचलून डोक्यावर ठेवला म्हणजे तेवढें जरा बरें वाटे. एम्. आर्. आय्. काढला, तेव्हां पांचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी मागें सरकून तंतूवर दाबत असल्याचें दिसलें. एका शस्त्रवैद्यांनीं सांगितलें, "गादी काढून दोन मणके एकमेकांस जोडून टाकूं." दुसऱ्यांनीं सांगितलें, "जोडावयाचें कशाला? कृत्रिम गादी बसवूं, मान हलती राहील." एवढ्यावर घराचे दोन तट पडले. थोरले चिरंजीव जोडण्याच्या बाजूचे. जुनें तें पारखलेलें, असें त्यांचें म्हणणें. कॅलिफोर्नियांतला पुतण्या रोज रात्रीं तिकडचे लेख धाडून कृत्रिम गादीचा कैवार घेई. आत्याबाई दोन्हींच्या विरुद्ध, कारण मान चोळून 'कडकन्' बसवून देणारा एक गृहस्थ त्यांच्या माहितींतला होता. अण्णा झोपाळ्यावर शाल पांघरून गप्प बसले होते. त्यांच्या सदऱ्याचीं वरचीं दोन बटणें उघडींच होतीं. आणि जिची मान, ती बिचारी डाव्या हातानें सर्वांना चहा देत होती.

या विषयावर इतर वाचकांचींही पत्रें आमच्याकडे आलेलीं आहेत. आम्ही शस्त्रवैद्य नव्हों. साध्या डॉक्टरकींत चाळीस वर्षें गेलीं. परंतु दोन तज्ज्ञांचीं दोन मतें हातांत घेऊन येणारीं माणसें आमच्यासारख्याकडेच येतात, म्हणून त्या दिवशीं त्या ओटीवर जें बोलणें झालें तें थोडें विस्तारानें येथें देतों.

मानेंत मणके सात. त्यांतल्या वरच्या दोघांची घडण निराळी आहे. कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यानें आपण मुख्यतः 'होय' म्हणतों, आणि पहिल्या व दुसऱ्या मणक्यांच्या सांध्यानें 'नाहीं' म्हणतों. डोकें डावी-उजवीकडे वळविण्याची जवळजवळ निम्मी क्रिया या एकट्या दुसऱ्या सांध्यांत घडते. या दोन सांध्यांत गादी नसते. तेथून खालीं मात्र दर दोन मणक्यांमध्यें एक गादी असते. बाहेरून चिवट धाग्यांचीं वेटोळीं आणि आंत मऊ गर. गाद्यांच्या मागून मज्जारज्जु खालीं जातो, आणि त्याला दोहों बाजूंनीं फुटलेले तंतु हातांत उतरतात. वयानें गादी सुकते, चपटते, कांठावर हाडाचीं टोकें वाढतात. क्वचित् वेटोळें फाटून आंतला गर मागें येतो. तो बाजूच्या तंतूवर आला तर हातांत कळ जाते. तो मध्यभागीं मज्जारज्जूवरच आला तर काय होतें, तें पुढें सांगूं. पांचवा-सहावा आणि सहावा-सातवा या दोन जागा सर्वांत अधिक झिजणाऱ्या. पहिल्या जागीं दाब असला तर मुंग्या बहुधा अंगठ्याकडे, आणि दुसऱ्या जागीं असला तर मधल्या बोटाकडे.

आतां या घरच्या वादांत जी गोष्ट कोणाच्याच लक्षांत आली नव्हती ती ही कीं, दोन्ही शस्त्रक्रियांचा मोठा आणि महत्त्वाचा भाग एकच आहे. दोहोंतही गळ्याच्या पुढच्या बाजूनें, सुरकुतीच्या रेषेंत एक आडवी लहानशी चीर देतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच एका अंगाला सारतात. मणक्यांच्या पुढच्या अंगाशीं पोंचतात. बिघडलेली गादी काढून टाकतात. आणि तंतूवरचा किंवा मज्जारज्जूवरचा दाब मोकळा करतात. रोग्याला गुण येतो तो यानें. मग दोन मणक्यांमध्यें जी रिकामी जागा उरली, तींत काय बसवावयाचें, एवढाच वादाचा विषय. किडका दात काढल्यानें ठणका थांबतो. त्या जागीं पूल बसवावा कीं आणखी कांहीं, हा पुढचा प्रश्न. तो क्षुल्लक नाहीं. पण ठणका त्यानें थांबत नसतो. हें सांगतांच थोरले चिरंजीव म्हणाले, "म्हणजे आम्ही आठ दिवस पुलावर भांडत होतों म्हणावयाचें!"

जोडण्याची रीत मानेच्या पुढून प्रथम रूढ केली ती अमेरिकेंतल्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतल्या रॉबिन्सन आणि स्मिथ या दोघांनीं. त्यांचें पहिलें निवेदन १९५५ चें आणि विस्तृत लेख १९५८ चा. त्याच १९५८ सालीं होनोलुलूच्या क्लाउअर्ड यांनीं आपली थोडी निराळी रीत प्रसिद्ध केली. तेव्हां रोग्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेंत बसवीत. मान बरी होई, आणि कमर महिनोन् महिने दुखत राही. असे रोगी आम्हीं आमच्या उमेदवारीच्या काळांत पुष्कळ पाहिले. आतां बहुधा टायटॅनियमचा किंवा एका कठीण प्लास्टिकचा पोकळ ठोकळा हाडाच्या भुकट्यानें भरून बसवितात, आणि वरून पुढच्या बाजूस लहानशी पट्टी स्क्रूंनीं आवळतात. काहीं महिन्यांत त्या ठोकळ्यांतून हाड वाढून दोन मणक्यांचा एक मणका होतो.

कृत्रिम गादीची कल्पनाही वाटते तितकी नवी नाहीं. स्वीडनमधील फर्नस्ट्रोम यांनीं १९६० च्या सुमारास मणक्यांमध्यें पोलादाचा गुळगुळीत गोळा ठेवून पाहिला. कल्पना सोपी होती, पण गोळा कठीण आणि हाड मऊ. तो हाडांत रुतूं लागला, आणि ती रीत मागें पडली. पुढें इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें कमिन्स यांनीं पोलादाचा उखळी-सांधा तयार करून मानेंत बसविला. २० रोग्यांचा त्यांचा अनुभव १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सांध्याच्या सुधारलेल्या वंशजाला २००७ सालीं अमेरिकन सरकारची परवानगी मिळाली, आणि पाठोपाठ इतर अनेक कंपन्यांच्या गाद्या आल्या. दोन लगतच्या जागांसाठीं परवानगी मिळालेली पहिली गादी 'मोबी-सी'. तें साल २०१३. म्हणजे जोडण्याच्या रीतीला साठाहून अधिक वर्षांचा अनुभव आहे आणि दुसरीला तिच्या आजच्या रूपांत वीस-पंचवीस वर्षांचा. आपल्या इकडील मोठ्या शहरांत आतां दोन्ही होतात.

एवढी खटपट कशासाठीं? तर शेजारच्या मणक्यांसाठीं. दोन मणके जोडले म्हणजे त्यांची हालचाल संपते आणि ती वरच्या-खालच्या सांध्यांना भरून काढावी लागते. त्यामुळें ते लवकर झिजतात, अशी शंका पहिल्यापासून होती. अमेरिकेंतील हिलिब्रँड यांनीं १९९९ सालीं ३७४ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत जोडलेल्या मणक्यांच्या शेजारीं नवें दुखणें उद्भवण्याचें प्रमाण दरसाल शेंकडा २.९ आढळलें, आणि दहा वर्षांत सुमारें चौथ्या हिश्श्याच्या रोग्यांना तें होईल असा अंदाज निघाला. पुतण्यानें हाच आंकडा धाडला होता. पण त्याच लेखांतली दुसरी गोष्ट त्यानें धाडली नव्हती. ज्यांचे अनेक मणके जोडले होते त्यांच्यांत हें प्रमाण अधिक असावयास हवें होतें. तें उलट कमी निघालें. तेव्हां शेजारच्या मणक्याचा सर्वच दोष जोडण्याच्या माथीं मारतां येत नाहीं. ज्या माणसाची एक गादी झिजली त्याच्या दुसऱ्याही झिजणाऱ्याच असतात. कांहीं भाग जोडण्याचा, कांहीं भाग जन्माचा.

मग प्रत्यक्ष तुलना करून पाहिली तर? अमेरिकेंत 'मोबी-सी' गादीच्या दोन जागांसाठीं झालेल्या परीक्षेंत ३३० रोगी होते. सात वर्षांनंतर कृत्रिम गादी बसविलेल्यांपैकीं शेंकडा ४.४ जणांना, आणि मणके जोडलेल्यांपैकीं शेंकडा १६.२ जणांना पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली होती. आंकडा लहान नव्हे, आणि तो दडवून ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र अशा परीक्षांचा खर्च बहुधा गादी करणारी कंपनीच सोसते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. शिवाय दुसऱ्यांदां शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं हें ठरविणाऱ्या शस्त्रवैद्यास आपण आंत काय बसविलें आहे हें ठाऊक असतें. जोडलेलें हाड नीट धरलें नाहीं असें दिसलें, कीं पुन्हां हात घालण्यास निमित्त मिळतें. युरोपांतल्या परीक्षा पाहिल्या तर चित्र बरेंच फिकें होतें. नॉर्वेंत १३६ रोग्यांवर झालेल्या परीक्षेंत दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या दुखण्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. नेदर्लंड्समधील परीक्षा तर फारच विचारांत पाडणारी आहे. तेथें १४२ रोग्यांचे तीन गट केले : एकांत कृत्रिम गादी, दुसऱ्यांत जोडण्याचा ठोकळा, आणि तिसऱ्यांत गादी काढून त्या जागीं कांहींच बसविलें नाहीं! सुमारें नऊ वर्षांनीं पाहिलें तों तिन्ही गटांची प्रकृति सारखीच. हें ऐकून आत्याबाईंचा चेहरा प्रथमच उजळला.

आमचें मत असें कीं, योग्य माणसांत कृत्रिम गादी जोडण्याहून वाईट नाहीं, आणि पुन्हां शस्त्रक्रिया लागण्याच्या बाबतींत थोडी उजवीही असूं शकेल, विशेषतः दोन जागा असतील तेव्हां. परंतु जाहिरातींत दिसतें तेवढें अंतर दोहोंत नाहीं. आणि 'योग्य माणूस' हे शब्द महत्त्वाचे. मागच्या बाजूचे लहान सांधे झिजून गेले असतील, तर पुढें हलती गादी बसवून तेच दुखरे सांधे पुन्हां घासत ठेवण्यांत काय अर्थ? हाडें ठिसूळ झालीं असतील तर धातूच्या ताटल्या त्यांत रुततात. स्वीडनच्या गोळ्याची तीच गोष्ट. मान पुढें वाकून बसली असेल, मणका मणक्यावरून घसरत असेल, किंवा ती जागा मुळांतच हाडें वाढून हलेनाशी झाली असेल, तर तेथें गादीचा उपयोग नाहीं. जें हलत नव्हतें तें हलतें ठेवण्याचा आग्रह व्यर्थ. याखेरीज, बसविलेल्या गादीभोंवतीं पुढें हाड वाढूं लागतें आणि कांहीं रोग्यांत ती वर्षांनंतर आपोआप जोडली जाते, असाही अनुभव आहे. म्हणजे हलत्या गादीचे पैसे देऊन शेवटीं जोडलेलीच मान पदरांत पडते. यानें अपाय होतोच असें नाहीं, पण शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याला हें कोणी सांगितलेलें नसतें.

जोडण्याच्याही खोड्या आहेत. हाड कधीं कधीं धरतच नाहीं. तंबाखूनें हा धोका वाढतो. आणि तंबाखू म्हणजे केवळ विडी-सिगारेट नव्हे. पानांतली चिमूट, मिसरी आणि तपकीर यांतही तोच विषारी पदार्थ आहे, हें आमच्या कित्येक सोंवळ्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना पटत नाहीं. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर घास गिळतांना कांहीं आठवडे अडखळतें, क्वचित् आवाज बसतो. बहुतेकांचें तें निवळतें. गाणाऱ्यानें अथवा शिक्षकानें ही गोष्ट आधींच विचारून घ्यावी. सूनबाईंनीं त्या दिवशीं एकच प्रश्न विचारला, आणि तो नेमका आवाजाविषयीं होता.

"पण मान हलणार नाहीं त्याचें काय?" हें सर्वांच्या मनांतलें भय. येथें वर सांगितलेले 'होय' आणि 'नाहीं' चे सांधे आठवावे. एक जागा जोडली तर ते दोन्ही शाबूत राहतात. बहुतेक रोग्यांना आपली मान कमी वळते आहे हें रोजच्या व्यवहारांत जाणवतही नाहीं. कित्येकांना तर दुखणें गेल्यामुळें पूर्वींपेक्षां अधिक वळवितां येते. दोन, तीन जागा जोडल्या म्हणजे मात्र कमतरता कळूं लागते. गाडी मागें घेतांना, किंवा उंच फळीवरचा डबा पाहतांना.

या सर्वांच्या आधींचा एक प्रश्न त्या घरांत कोणी विचारलाच नव्हता : सूनबाईंना शस्त्रक्रिया हवी आहे काय? एम्. आर्. आय्. मध्यें गादी फुगलेली दिसली म्हणजे लोकांचा धीर सुटतो. जपानांत १,२११ निरोगी माणसांच्या मानेचीं छायाचित्रें काढून २०१५ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांतल्या शेंकडा ८७.६ जणांत फुगलेली गादी होती, आणि त्यांपैकीं कोणालाही कसलें दुखणें नव्हतें! तेव्हां छायाचित्र आणि दुखणें यांचा मेळ बसला तरच छायाचित्राला अर्थ. सूनबाईंच्या बाबतींत तो बसत होता, हें खरें. पण मेळ बसला तरी बहुतेकांचा हात शस्त्रावांचूनच बरा होतो. अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवच्या १९७६ ते १९९० या काळांतल्या अशा ५६१ रोग्यांची पाहणी राधाकृष्णन या आपल्या भारतीय तज्ज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली. सुमारें पांच वर्षांनंतर शेंकडा ९० जणांना त्रास मुळींच नव्हता किंवा अगदीं किरकोळ होता, आणि शस्त्रक्रिया झाली होती ती फक्त शेंकडा २६ जणांवर. हातांतली शक्ति झपाट्यानें कमी होत नसेल, तर सहा ते बारा आठवडे वाट पाहण्यांत बहुधा नुकसान नसतें. त्या अवधींत वेदनाशामक औषध, बेतानें व्यायाम, आणि उशी फार उंच न घेणें, एवढें पुरतें. मान मोडून घेऊं नये. मग तो मोडणारा केशकर्तनालयांतला असो कीं आत्याबाईंच्या माहितींतला.

सूनबाईंच्या हातांची शक्ति पाहावी म्हणून आम्हीं त्यांना एक साधी गोष्ट करावयास सांगितली. तळहात खालीं करून, होईल तितक्या जलद मूठ मिटावयाची आणि पुरी उघडावयाची; दहा सेकंदांत किती वेळां होतें तें मोजावयाचें. जपानांतल्या ओनो प्रभृति शस्त्रवैद्यांनीं १९८७ सालीं ही परीक्षा वर्णिली. निरोगी माणसाचें दहा सेकंदांत वीस किंवा अधिक वेळां होतें. सूनबाईंनीं कळ सोसून चोवीस केले. मुलांना खेळच सांपडला. नातवानें तीस केले, थोरल्या सूनबाईंनीं सत्तावीस, आणि मग सर्वांनीं आग्रह केला म्हणून अण्णांनीं शालींतून हात बाहेर काढला.

अण्णांचे अकरा झाले. बोटें मिटत होतीं, पण उघडतांना जणू चिखलांतून निघत होतीं. करंगळी तर बाजूलाच राहात होती. मुलें हसलीं, आणि मग कोणी हसेना.

विचारतां विचारतां एकेक निघालें. सहा महिन्यांपासून बटणें लावतां येत नव्हतीं. अक्षर बिघडलें होतें. उभ्या जन्माचें मोत्यासारखें अक्षर, तें आतां त्यांचें त्यांनाच लागत नव्हतें, म्हणून पत्रें लिहिणें त्यांनीं सोडून दिलें होतें. संध्येच्या वेळीं पळी हातांतून निसटे. अंधारांत चालतांना जमीन पायाखालीं नीट लागत नसे. तीन आठवड्यांपूर्वीं ते मागच्या पायरीवर पडले होते आणि त्यांनीं कोणाला सांगितलें नव्हतें. "वय झालें," असें ते म्हणत, आणि घरही तेंच म्हणे. दुखत कांहींच नव्हतें. सूनबाईंच्या हाताला कळ होती म्हणून सारें घर आठ दिवस जागें होतें. अण्णांना कळ नव्हती, म्हणून त्यांच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. त्यांत आमचेंही नव्हतें; दर दसऱ्याला आम्ही त्यांच्या समोर बसून सोनें वाटून येतों.

वर जें पुढें सांगूं म्हटलें तें हेंच. तंतु दाबला म्हणजे तो ओरडतो. मज्जारज्जु बहुधा मुकाट्यानें दबतो. हात अवघडतात, चाल बिघडते, कधीं मान पुढें वाकविली असतां पाठींतून विजेसारखा झटका जातो; फार पुढें गेल्यावर लघवीवरचा ताबा जातो. हें दुखणें बहुधा एक एक पायरीनें उतरत जातें, आणि गेलेलें सर्व परत मिळेलच असा भरंवसा नसतो. शस्त्रक्रियेचा पहिला हेतु पुढील घसरण थांबविण्याचा. २०१७ सालीं जागतिक तज्ज्ञांनीं जी मार्गदर्शिका केली तींत, दुखणें मध्यम किंवा तीव्र असेल तर शस्त्रक्रिया करावी, आणि सौम्य असेल तर शस्त्रक्रिया अथवा देखरेखीखालीं व्यायाम, यांपैकीं एक निवडून लक्ष ठेवावें, असें सांगितलें आहे. येथें बारा आठवडे वाट पाहावी हा सल्ला लागू नाहीं.

अण्णांचा एम्. आर्. आय्. त्याच आठवड्यांत झाला. चौथा-पांचवा आणि पांचवा-सहावा अशा दोन जागीं मज्जारज्जु चेपला होता. आतां पुन्हां तोच वाद निघाला. पुतण्याचा रात्रीं दूरध्वनि आला कीं, पैशाची चिंता करूं नका, आजोबांना हलती गादीच बसवा. त्याच्या प्रेमाविषयीं शंका नाहीं. शस्त्रवैद्यांनीं त्याला शांतपणें समजावून सांगितलें : मज्जारज्जूवर दाब असला म्हणजे कृत्रिम गादी चालतच नाहीं असें नाहीं; एखाद्या चाळिशींतल्या माणसाची मऊ गादीच तेवढी मागें आली असेल, सांधे चांगले असतील, तर चालते. परंतु अण्णांचे मागचे सांधे झिजलेले, हाडांची घनता कमी, आणि कांठांवर टोकें वाढलेलीं. अशा मानेंत हालचाल हाच मज्जारज्जूचा शत्रु. प्रत्येक वेळीं मान वाकली कीं तो त्या टोकांवर घासला जातो. तेथें स्थिर करणेंच इष्ट. आणि याहून अधिक जागीं दाब असता तर पुढून न जातां मागच्या बाजूनें कमान उघडून मज्जारज्जूला जागा करून देण्याचा विचार करावा लागला असता.

गणपतीनंतर पाहूं, असें आत्याबाईंचें म्हणणें पडलें. मागोमाग पितृपक्ष, मग नवरात्र. अण्णांनीं एवढेंच विचारलें, "थांबलों तर पळी परत हातांत येईल काय?" शस्त्रवैद्य म्हणाले, "थांबून येणार नाहीं. केल्यानें येईलच असें वचन देत नाहीं." गणपति बसण्याच्या अगोदरच्या आठवड्यांत दोन जागा जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवस अण्णांना पेज आणि मऊ भातच गिळतां येई, आणि आवाज जरा घोगरा झाला होता. तो दिवाळीपर्यंत सुटला.

सूनबाईंची कळ नवरात्राच्या सुमारास, म्हणजे कांहीं न करतां दहा-अकरा आठवड्यांनीं, ओसरली. अंगठ्याच्या टोंकाला अजून किंचित् बधिरपणा आहे. खडू धरतां येतो. दोन्ही शस्त्रवैद्यांचे कागद त्यांनीं एका पाकिटांत घालून कपाटांत ठेवले आहेत. पुन्हां उलटलें आणि शक्ति कमी होऊं लागली तर काय करणार, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "डॉक्टरकाका, मी तेव्हां चहा ओतीत सगळें ऐकत होतें. एकच जागा आहे, मागचे सांधे चांगले आहेत, हाडें चांगलीं आहेत. मी गादी बसवून घेईन. पण ती पुढें जोडली गेली तरी रडणार नाहीं. आणि भावोजींना सांगून ठेवा, त्या वेळीं मला विचारावें लागेल." थोरले चिरंजीव तेथेंच वर्तमानपत्र वाचीत बसले होते, त्यांनीं तें थोडें वर धरलें.

गेल्या महिन्यांत, माघांत, आम्ही पुन्हां गेलों होतों. अण्णांची मूठ दहा सेकंदांत सतरा वेळां झाली. चाल अजून रुंद पावलांची आहे, आणि रात्रीं ते काठी घेतात. सकाळीं स्नानानंतर सदऱ्याचीं बटणें लावावयास त्यांना पाव तास लागतो. नातू एकदां मदतीला गेला तर त्यांनीं त्याचा हात बाजूला केला आणि त्याला समोर बसवून तोंवर शब्दरूपें म्हणावयास लावलीं. आम्ही गेलों तेव्हां तिसरें बटण चाललें होतें, आणि नातू चतुर्थीच्या बहुवचनावर अडला होता.